खारवट-चोपण पाणथळ जमिनीतून निसटणारे नत्र : मोजायचे कसे, आवरायचे कसे

पाणथळ जमिनीवर साचलेल्या पाण्याचा सामू (pH) ९.२५ आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असेल, तर त्या पाण्यातल्या अमोनियाकल नत्रापैकी (अमोनियम आणि अमोनिया मिळून असलेल्या नत्रापैकी) निम्मे नत्र वायू होऊन उडायला मोकळे असते. सामू ७ असता तर हाच वाटा जेमतेम अर्धा टक्का भरला असता. गोड्या पाण्याच्या दलदलीसाठी बसवलेल्या पद्धती इथे जशाच्या तशा उचलल्या, तर नमुना पिशवीत भरल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नत्र निसटतच राहते. मग हाती येणाऱ्या आकड्यात जमिनीइतकाच आपल्या हाताळणीचाही हिस्सा असतो. म्हणून खाली प्रत्येक पायरीबरोबर ती कुठे फसते तेही सांगितले आहे.

आधी जमीन ओळखा

संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून त्या लगद्यातून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन खारवट. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांवर बसलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या धनायनांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या वर, किंवा सोडियम शोषण गुणोत्तर (अर्कातले सोडियम कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत किती ते) १३ च्या वर असेल तर चोपण. दोन्ही लागू पडले तर खारवट-चोपण. एक भाग माती आणि पाच भाग पाणी अशा अर्काची वाहकता थेट या ४ च्या मर्यादेशी ताडून पाहू नका. तो अर्क खूप पातळ असतो, त्यामुळे खारवट जमीनही त्यात निर्दोष दिसते.

या जमिनीचा सामू वर्षभर एकसारखा राहत नाही. विद्राव्य क्षार भरपूर असतात तेव्हा तो बऱ्याचदा ८.५ च्या आतच असतो. पावसाने क्षार धुऊन गेले की चिकणमातीला चिकटलेले सोडियम आपले काम सुरू करते, सामू चढतो, माती विस्कटून चिखलाचा लगदा होतो. सोडियम कार्बोनेट असलेल्या जमिनीत सामू १० च्याही पुढे जातो. एकाच दिवशी एकदा मोजून "सामू इतका" असे लिहून ठेवणे म्हणूनच अपुरे आहे.

सामू मापकाचे अंशांकन ७ आणि १० च्या बफरने (सामू ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणाने) करा. सवयीने ४ आणि ७ वापरले जातात आणि मग ज्या पट्ट्यात मोजायचे आहे तिथे मापक न तपासताच चालते. शिवाय सोडियम भरपूर आणि सामू १० च्या आसपास असेल तर साधा काचेचा इलेक्ट्रोड खऱ्यापेक्षा कमी सामू दाखवतो. उच्च सामूसाठी बनवलेला इलेक्ट्रोड मिळत असेल तर तोच घ्या.

नत्राच्या वाटा

अमोनियाचे उडून जाणे ही पहिली वाट. दुसरी विनत्रीकरणाची. नायट्रेटपासून नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नत्रवायू असा हा प्रवास ऑक्सिजन नसलेल्या थरात, सेंद्रिय कर्ब खाणारे जिवाणू घडवतात. तिसरी अनॅमॉक्स : अमोनियम आणि नायट्राइट यांचा संयोग होऊन थेट नत्रवायू. चौथी वाट म्हणजे पाझर आणि वाहून जाणे. याशिवाय एक उलटी वाटही आहे. काही जिवाणू नायट्रेटचे पुन्हा अमोनियम करतात, म्हणजे नत्र जमिनीतच ठेवतात.

मीठ या सगळ्या वाटांवर एकाच दिशेने जोर लावते. सोडियम मातीच्या कणांवर बसलेले अमोनियम हुसकावून पाण्यात ढकलते. जास्त क्षारात नत्रीकरण करणारे जिवाणू मंदावतात, म्हणून अमोनियमचे नायट्रेट होणे रेंगाळते. सल्फेटयुक्त पाण्यात तयार होणारे सल्फाइड नत्रीकरण आणखी दाबते आणि नायट्रेटचे पुन्हा अमोनियम करणाऱ्यांना हात देते. थोडक्यात, मीठ नत्राला अमोनियमच्या बाजूला लोटते आणि विम्लता (उंच सामू, आम्लतेच्या उलट) त्याच बाजूचे दार उघडते. पहिली वाट आधी आणि सर्वात काळजीपूर्वक मोजायची ती यासाठी.

नायट्राइटकडेही लक्ष असू द्या. मुक्त अमोनिया (पाण्यात विरघळलेला, पण अमोनियम न झालेला) नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना लवकर बाधतो; अमोनियमचे नायट्राइट करणारे त्यापेक्षा बरेच जास्त सोसतात. त्यामुळे सामू चढलेल्या जमिनीत नायट्राइट साचते. नायट्रेट आणि नायट्राइट एकत्र मोजून मोकळे झालात तर हे कधीच कळणार नाही.

पायरी १ : जागा आणि वेळ

उघड्या पाण्यापासून कोरड्या काठापर्यंत एक सरळ रेषा आखा आणि तिच्यावर निदान तीन पट्टे निवडा : कायम पाण्याखाली असलेला, कधी ओला कधी कोरडा होणारा आणि क्षार फुलून आलेला काठ. प्रत्येक पट्ट्यात किमान चार ठिकाणी मोजा. मधला पट्टा सोडू नका. तिथे कोरड्या दिवसांत नायट्रेट तयार होते आणि पाणी चढले की तेच विनत्रीकरणाला मिळते. दोन्ही टोकांवर न दिसणारा ऱ्हास तिथे दिसतो.

पाण्याचा सामू आणि तापमान सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता नोंदवा. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू चढतो, रात्री उतरतो. सोडा (सोडियम कार्बोनेट) भरपूर असलेल्या पाण्यात हा चढउतार कमी असतो, पण तिथे सामू मुळातच उंच असतो.

मुक्त अमोनियाचा वाटा काढायचे गणित सोपे आहे. अमोनियम-अमोनियाच्या समतोल स्थिरांकातून (pKa) सामू वजा करा, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या बेरजेने भागा. गोड्या पाण्यात हा स्थिरांक १५ अंशांना सुमारे ९.५६, २५ अंशांना ९.२५ आणि ३५ अंशांना ८.९५ असतो. म्हणजे सामू ९ असताना मुक्त अमोनिया अनुक्रमे २१, ३६ आणि ५३ टक्के. २५ अंशांनाच सामू ८ असेल तर ५ टक्के, १० असेल तर ८५ टक्के. खारेपणामुळे स्थिरांक किंचित वर सरकतो आणि वाटा थोडा घटतो, पण सामूच्या परिणामापुढे ते किरकोळ आहे.

पायरी २ : मातीचा नमुना आणि अर्क

सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाची धारदार कडेची पीव्हीसी नळी सरळ दाबून मातीचा दंड काढा. ० ते ५, ५ ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर असे थर जागेवरच वेगळे करा. पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड बंद करा, बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि २४ तासांच्या आत अर्क काढा.

माती वाळवू नका. उन्हातही नाही, भट्टीतही नाही. ओली विम्ल माती वाळते तेव्हा पाणी आटता आटता अमोनिया उडून जातो आणि अमोनियमचा आकडा नको तितका खाली येतो. सर्वाधिक चुका या एका पायरीवर होतात, आणि एकदा वाळलेल्या नमुन्यातून गेलेले नत्र कोणत्याही दुरुस्तीने परत मिळत नाही.

१० ग्रॅम ओली माती आणि ५० मिलिलिटर २ मोलर पोटॅशियम क्लोराइड (लिटरला १४९ ग्रॅम) घट्ट झाकणाच्या बाटलीत घाला. बाटली शक्य तितकी लहान घ्या, म्हणजे वर मोकळी हवा कमी राहील. एक तास हलवा आणि गाळा. गाळणकागदातही अमोनियम असते, म्हणून तो आधी त्याच द्रावणाने धुवून घ्या. मातीशिवायची एक कोरी बाटली प्रत्येक खेपेला ठेवा.

गाळलेल्या अर्काचे लगेच दोन भाग करा. अमोनियमसाठीच्या भागात सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब घालून सामू ३ च्या खाली आणा, म्हणजे अमोनिया अडकून राहील. कार्बोनेटमुळे फेस येतो, तेव्हा बाटली अर्धीच भरलेली असू द्या. दुसऱ्या भागाला आम्ल अजिबात लावू नका, कारण आम्लात नायट्राइट मोडते आणि नायट्रिक ऑक्साइड होऊन उडून जाते. या भागातले नायट्राइट त्याच दिवशी मोजा.

इंडोफिनॉल निळ्या रंगाने (अमोनियम जितके जास्त तितका निळा रंग गडद, या पद्धतीने) अमोनियम मोजताना तीन गोष्टी नडतात. आम्ल घातलेला अर्क आधी उदासीन केला नाही तर रंगच नीट चढत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विम्ल अभिकारकात साका करून गढूळपणा आणतात. त्यावर सायट्रेट घाला. तिसरी अडचण चोपण जमिनीची खास : उंच सामूला ह्यूमस विरघळते, अर्क चहासारखा तपकिरी होतो आणि रंगमापक त्यालाच अमोनियम समजतो. प्रत्येक नमुन्याची अभिकारकाविना एक कोरी नोंद घ्या आणि ती वजा करा. नायट्रेटसाठी इलेक्ट्रोड वापरणार असाल तर थांबा. क्लोराइडच्या गर्दीत तो भलतेच आकडे देतो.

हिशेबाचा एक नमुना. १० ग्रॅम ओल्या मातीत ४ ग्रॅम पाणी आणि ६ ग्रॅम कोरडी माती आहे, अर्कात अमोनियम-नत्र लिटरला ३ मिलिग्रॅम निघाले. अर्काचे एकूण आकारमान ५० नव्हे, ५४ मिलिलिटर धरायचे. म्हणून ०.१६२ मिलिग्रॅम नत्र ६ ग्रॅम मातीत, म्हणजे किलोला २७ मिलिग्रॅम. मातीतले पाणी विसरलात तर २५ येते. घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅम घनतेच्या वरच्या ५ सेंटीमीटर थरात किलोला १ मिलिग्रॅम म्हणजे हेक्टरी ०.६५ किलो, त्या हिशेबाने इथे हेक्टरी साडेसतरा किलो अमोनियम-नत्र आहे. ओलावा १०५ अंशांना काढतात, पण जिप्सम असलेल्या मातीत स्फटिकातले पाणीही त्या उष्णतेला निघते आणि ओलावा फुगतो. अशा मातीसाठी कमी तापमानाला जास्त वेळ वाळवा. ही वाळवणी फक्त ओलाव्याच्या वेगळ्या नमुन्याची.

पायरी ३ : उडणारा अमोनिया पकडणे

१५ सेंटीमीटर आतील व्यासाची पीव्हीसी नळी, दोन्ही तोंडे उघडी. स्पंजच्या २ सेंटीमीटर जाडीच्या दोन चकत्या, व्यास १६ सेंटीमीटर, म्हणजे नळीत घट्ट बसतील. ५० मिलिलिटर फॉस्फोरिक आम्ल आणि ४० मिलिलिटर ग्लिसरॉल पाण्याने एक लिटर करा. स्पंज आधी पातळ आम्लात आणि मग स्वच्छ पाण्यात धुवून पिळा, नंतर प्रत्येकात १५ मिलिलिटर द्रावण मुरवा. खालचा स्पंज पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटर वर, दुसरा नळीच्या तोंडाशी. जमिनीतून येणारा अमोनिया खालचा स्पंज टिपतो, बाहेरच्या हवेतला वरचा अडवतो. हिशेबात फक्त खालचा घ्यायचा.

ओल्या मातीवर १० सेंटीमीटर उंचीची नळी पुरते. पाणी साचलेले असेल तर पाण्याची खोली, चिखलात रुतणारा ५ सेंटीमीटरचा भाग आणि वरचे १० सेंटीमीटर अशी बेरीज करून नळी कापा. पाणी चढेल असा अंदाज असेल तर आणखी जागा सोडा. स्पंज पाण्याला टेकला की आम्ल आत उतरते, नळीतल्या पाण्याचा सामू कोसळतो आणि अमोनिया उडायचाच थांबतो. तो आकडा टाकून द्या आणि नळी दुसऱ्या जागी रोवा. त्या जागेवर आम्लाचा परिणाम राहतो.

२४ तासांनी खालचा स्पंज काढून लगेच बंद पिशवीत ठेवा. ३०० मिलिलिटर १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये एक तास हलवा आणि अमोनियम मोजा. समजा लिटरला ६.२ मिलिग्रॅम आले आणि कोऱ्या स्पंजाचे ०.२ : फरक ६, म्हणजे ३०० मिलिलिटरमध्ये १.८ मिलिग्रॅम. नळीचे क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर. म्हणून दिवसाला चौरस मीटरमागे १०२ मिलिग्रॅम, हेक्टरी सुमारे १ किलो.

नळी वारा अडवते, त्यामुळे उघड्या वाऱ्याच्या जागी खरा ऱ्हास याहून जास्त असतो. ही पद्धत पट्ट्यापट्ट्यांची किंवा उपाय केला-न केला याची तुलना करायला उत्तम आहे. तिचा आकडा अंतिम ताळेबंदात मात्र किमान ऱ्हास म्हणून मांडा. नळीत पक्ष्यांची विष्ठा पडली तर तो नमुना बाद.

पायरी ४ : विनत्रीकरण आणि अनॅमॉक्स

अ‍ॅसिटिलीनची पद्धत स्वस्त आहे. कुपीतल्या हवेत १० टक्के अ‍ॅसिटिलीन मिसळले की नायट्रस ऑक्साइडचे नत्रवायू होणे थांबते आणि साचलेला नायट्रस ऑक्साइड मोजता येतो. पण चिखलाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर ही पद्धत वापरू नका. सल्फाइडमुळे हा अडसर ढिला पडतो. शिवाय अ‍ॅसिटिलीन नत्रीकरणही बंद करते. जिथे नायट्रेट बाहेरून न येता जागेवर तयार होऊन लगेच खर्च होते, तिथे विनत्रीकरण जवळपास नाहीच असा खोटा निष्कर्ष निघतो. अ‍ॅसिटिलीन स्फोटक आहे, ज्योतीजवळ नेऊ नका.

भरवशाची पद्धत नत्र-१५ ची, म्हणजे खूण (लेबल) म्हणून नत्राचे जड समस्थानिक वापरण्याची. माती त्याच जागेच्या गाळलेल्या पाण्यात कालवा. ऊर्ध्वपातित पाणी वापरले तर क्षाराला सरावलेल्या जिवाणूंच्या पेशी फुटतात आणि चिकणमाती विस्कटते. हेलियम सोडून ऑक्सिजन घालवा, कुपी बंद करा आणि आधीचे नायट्रेट संपेपर्यंत अंधारात जागेच्या तापमानाला ठेवा. हेलियमचे बुडबुडे ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियाही घेऊन जातात, सामू वर सरकतो. म्हणून एक कुपी उघडून सामू आणि अमोनियम पुन्हा मोजा.

मग तीन गट करा : फक्त नत्र-१५ अमोनियम, नत्र-१५ अमोनियम आणि साधे नायट्रेट, फक्त नत्र-१५ नायट्रेट. अंतिम तीव्रता लिटरला १०० मायक्रोमोल. पहिल्या गटात लेबल लागलेला नत्रवायू दिसला तर जुने नायट्रेट अजून शिल्लक आहे किंवा कुपीत हवा शिरली आहे. पुढे जाऊ नका. ०, ३, ६, १२ आणि २४ तासांनी झिंक क्लोराइडने क्रिया थांबवा. सोडायुक्त पाण्यात झिंकचा काही भाग कार्बोनेट होऊन तळाशी बसतो आणि जिवाणू पुरते मरत नाहीत. म्हणून शून्य तासाला थांबवलेली एक कुपी २४ तासांनी मोजा. तिच्यात वाढ दिसली तर झिंकची मात्रा वाढवा. आम्ल घालून क्रिया थांबवणे टाळा, साचलेले नायट्राइट त्यात रासायनिक रीतीने वायू होते.

तिसऱ्या गटातून ३० (दोन्ही अणू नत्र-१५ चे) आणि २९ (एक नत्र-१५ चा, एक साधा) वस्तुमानाच्या नत्रवायूचा वेग मिळतो. नायट्रेटमधला नत्र-१५ चा अंश ०.९ धरा. ३० चा वेग ८.१ आला तर विनत्रीकरण म्हणजे ८.१ भागिले ०.९ चा वर्ग, उत्तर १०. एवढ्या विनत्रीकरणातून २९ वस्तुमानाचा वायू १.८ (२ × ०.९ × ०.१ × १०) यायला हवा. मोजणीत ३.६ आला तर उरलेला १.८ अनॅमॉक्सचा, त्याला ०.९ ने भागून २. म्हणजे नत्रवायूच्या एकूण १२ पैकी २, सुमारे १७ टक्के. नायट्रेटचे अमोनियम करणारे जिवाणू जोरात असतील तर लेबल अमोनियममध्येही जाते, अनॅमॉक्सही ३० वस्तुमानाचा वायू देऊ लागते आणि विनत्रीकरण फुगलेले दिसते. खारवट चिखलात ही शक्यता नेहमी असते. शेवटच्या कुप्यांतल्या अमोनियममध्ये नत्र-१५ तपासा.

कालवलेल्या मातीत थर मोडतात, म्हणून मिळतो तो संभाव्य वेग. तो दिवसांनी आणि हेक्टरने गुणून प्रत्यक्ष ऱ्हास म्हणून मांडू नका.

नायट्रस ऑक्साइडसाठी बंद पेटी ठेवून ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी वायू काढला की पुरे. रेषा सरळ येत नसेल तर पेटी गळते आहे. विम्ल सामूला शेवटच्या पायरीचे (नायट्रस ऑक्साइडचे नत्रवायू करणारे) विकर चांगले चालते, त्यामुळे बराचसा वायू नत्रवायूपर्यंत पोचतो. पण क्षार आणि सल्फाइड त्याच विकराला मारक आहेत, म्हणून न मोजता गृहीत धरू नका.

पायरी ५ : आवर कुठे घालायचा

आधी ठरवा, कोणता ऱ्हास नको आहे. पाणथळ जागा सांडपाण्यातले नायट्रेट काढण्यासाठी असेल तर नत्रवायू होऊन जाणे हेच तिचे काम आहे. अमोनिया आणि नायट्रस ऑक्साइड मात्र कुठेच नकोत.

लागवड असेल तर युरिया किंवा अमोनियमचे खत साचलेल्या पाण्यात फेकू नका. युरियाचे विघटन होताना भोवतालचा सामू आणखी चढतो. खत ५ ते १० सेंटीमीटर खोल, ऑक्सिजन नसलेल्या थरात, लहान हप्त्यांनी द्या. पाण्यावर पानांची सावली धरली की शेवाळ कमी होते आणि दुपारचा सामू उतरतो. नत्रीकरण रोखणारी रसायने इथे उलटतात : अमोनियम जास्त काळ अमोनियमच राहते आणि उंच सामूला तेच उडते. युरियाचे विघटन लांबवणारे रसायन जास्त उपयोगी. बायोचारही (कमी हवेत जाळून केलेला वनस्पतींचा कोळसा) तपासूनच घाला, बराचसा बायोचार स्वतःच विम्ल असतो.

जिप्सम सोडियम कार्बोनेटशी संयोग पावून चुनखडी आणि सोडियम सल्फेट करते आणि सामू उतरवते. दर १०० ग्रॅम मातीतले १ मिलिइक्विव्हॅलंट (सुमारे २३ मिलिग्रॅम) सोडियम हटवायला वरच्या १५ सेंटीमीटरसाठी हेक्टरी सुमारे १.७ टन शुद्ध जिप्सम लागते. पण सुटलेले सोडियम सल्फेट निचऱ्यावाटे बाहेर गेले तरच याचा अर्थ आहे. निचरा नसलेल्या खोलगट जागेत सल्फेट तिथेच राहते, ऑक्सिजनविना त्याचे सल्फाइड होते, त्या क्रियेतून बायकार्बोनेट तयार होऊन विम्लता परत येते आणि वर नत्रीकरणही दाबले जाते. अशा जागी जिप्सम टाकू नका. नैसर्गिक सोडायुक्त पाणथळीत तर सामूला हातच लावू नका, तिथले जीवन त्याच सामूवर उभे आहे. तिथे बाहेरून येणारे नत्र अडवणे आणि पाण्याची पातळी वरचेवर खालीवर न होऊ देणे एवढेच करा.

उपायानंतर पुन्हा मोजताना त्याच पट्ट्यात, तितक्याच खोल पाण्यात आणि दिवसाच्या त्याच वेळी मोजा. उपायाआधी दुपारी २ ला आणि नंतर सकाळी ६ ला सामू घेतला, तर काहीही न करता सुधारणा दिसेल.